चाकं कुणाची, हादरे कुणाचे?

हौशी माणूस गाडीच्या ज्या भागावर भरभरून खर्च करतो, तो भाग गाडी चालवताना त्याला स्वतःला दिसतच नाही. स्टीअरिंग हातात असतं, सीट कव्हर पाठीला लागतं, स्पीकर ऐकू येतात. चाकं मात्र दिसतात सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनला, आणि पार्किंगमधून लिफ्टकडे जाताना मागे वळून बघितलं तर क्षणभर आपल्याला. ते मागे वळून बघणं ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या लेखाचा विषय वेगळा समजावून सांगायला नको. ज्यांना ठाऊक नाही त्यांनीही वाचावा, कारण घरात असं कुणीतरी एक असतंच.

मी त्यातलाच. शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी सॉफ्टवेअरची. पुण्यात या जातीची माणसं पैशाला पासरी मिळतात. दिवसभर लॅपटॉपवर काम करतो आणि रात्री झोपण्यापूर्वी फोनवर अलॉय व्हील्स बघतो. आमच्या घरी एक स्विफ्ट आहे. खालच्या व्हेरिएंटची, म्हणजे १४ इंची लोखंडी डिस्क आणि त्यावर प्लास्टिकची व्हीलकॅप. तिला १७ इंची चाकं घालायची, हे वर्षभर माझ्या डोक्यात होतं. पैशाची अडचण नव्हती. घालावीत का, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर शोधताना गाडीबद्दल जेवढं कळलं, तेवढंच 'माझी वस्तू, माझी मर्जी' या वाक्याबद्दलही कळलं.

'मोठं चाक' मोठं नसतंच

टायरच्या बाजूवर एक आकडा असतो. आमच्या गाडीवर तो आहे १६५/८० आर १४. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टक्केवारी: रुंदीच्या ८० टक्के इतकी रबराची भिंत उंच आहे. 'आर' म्हणजे रेडियल, आणि शेवटी रिमचा व्यास इंचांत. हिशोब सोपा आहे. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिमी. रिम ३५५.६ मिमी, वर आणि खाली मिळून दोन भिंती २६४ मिमी, एकूण चाक ६१९.६ मिमी.

आता याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी १८५/६५ आर १५ हे टायर देते. तिथे भिंत १२० मिमी, एकूण चाक ६२१.५. हौशी लोक पुढे जातात ते १९५/५५ आर १६ वर: भिंत १०७, एकूण ६२०.९. आणि माझं स्वप्न होतं २०५/४५ आर १७. भिंत फक्त ९२ मिमी, एकूण ६१६.३.

शेवटचे आकडे पुन्हा बघा. सगळी चाकं जवळजवळ एकाच उंचीची आहेत. माझं १७ इंची तर मूळ चाकापेक्षा तीन मिलिमीटरनं लहानच. बदलतं ते आतलं वाटप. धातू वाढतो आणि त्याच्या बदल्यात रबराची भिंत कमी होते. १४ वरून १७ वर जाणं म्हणजे रस्ता आणि रिम यांच्यामधली ४० मिमी, साधारण दोन बोटं, जागा देऊन टाकणं. डोळ्यांना जे 'मोठं' वाटतं ते चकाकणाऱ्या भागाचं वाढलेलं प्रमाण असतं.

एकूण उंची तीच का ठेवायची? कारण गाडीचा काटा चाकाचे फेरे मोजून वेग सांगतो. चाक उंच केलं की एका फेऱ्यात जास्त अंतर कापलं जातं आणि काट्याला ते कळत नाही. १८५/६५ आर १५ च्या जागी कुणी 'भरलेलं दिसतं' म्हणून २०५/६० आर १६ घातलं, तर चाक पाच टक्क्यांनी उंच होतं. आधी ८० ला जो काटा बरोबर ८० दाखवत होता, तो आता ८४ च्या वेगालाही ८० दाखवेल. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा वाहन-नियम इथे बघण्यासारखा आहे: काट्यानं खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्त दाखवलं तर चालतं, पण कमी कधीही दाखवायचं नाही. म्हणजे चूक व्हायचीच असेल तर ती सावधपणाच्या बाजूनं व्हावी, असं नियम करणाऱ्यांनी ठरवून ठेवलं आहे. दुकानदार हसत सांगतो, "साहेब, कंपनीचा काटा पुढेच असतो, आता करेक्ट झाला." ते कधीकधी खरंही असतं. फक्त दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी राखून ठेवलेली सवलत आपण वापरून टाकलेली असते.

हवेचं काम

रबराची ती भिंत करते काय? गाडीचं वजन खरं तर रबर उचलत नाही, आत कोंडलेली हवा उचलते. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकी सायकलला खडबडीत रस्त्यावर बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून त्यानं तो टायर बनवला होता. पुढे कळलं की रॉबर्ट थॉमसन यानं १८४५ मध्येच तशा कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, आणि डनलॉपचं पेटंट रद्द झालं. पण टायर टिकला. आज आपण ज्याला स्टाइल म्हणून निवडतो, ते डनलॉपच्या हातात आलं ते मागे बसलेल्या आपल्याच माणसाचे हादरे कमी करण्यासाठी.

खड्डा आला की सगळ्यात आधी वाकते ती ही भिंत. स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर यांची पाळी नंतर येते. भिंत बुटकी असेल तर वाकायला जागाच उरत नाही आणि धक्का रिमपर्यंत पोचतो. रिम वाकते, किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले. त्याला पंक्चर काढण्यासारखा इलाज नाही, टायर बदलावाच लागतो. शिवाय चाक स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे त्याच्या वजनाला कुणी झेलत नाही. 'अलॉय म्हणजे हलकं' हा समज इथे फसवा ठरतो: तीन इंच मोठं, स्वस्त, ओतीव अलॉय व्हील मूळच्या लोखंडी डिस्कपेक्षा जड भरू शकतं. आणि वजन मध्यापासून दूर, कडेला गेलं की तेच वजन फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो.

रुंद टायरनं 'ग्रिप' वाढते असंही म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण वाटतं तेवढं सरळ नाही. माणसांसकट गाडी ११०० किलोची धरली तर एका चाकावर २७५ किलो येतात. हवा ३३ पीएसआय असेल, तर जमिनीला टेकलेला भाग साधारण १२० चौरस सेंटीमीटर होतो. एका पोस्टकार्डाएवढा. वजन तेच आणि हवा तीच असेल, तर टायर रुंद केल्यानं हे पोस्टकार्ड फारसं मोठं होत नाही, आडवं होतं. कोरड्या रस्त्यावर वळताना त्याचा फायदा मिळतो. जुलैत, साचलेल्या पाण्यावर मात्र आडव्या पोस्टकार्डाला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि ते लवकर तरंगू लागतं.

१७ इंचांच्या बाजूनंही प्रामाणिकपणे बोललं पाहिजे. बुटक्या भिंतीमुळे स्टीअरिंगला उत्तर चटकन मिळतं, गाडी वळणात डुलत नाही, मोठ्या रिमच्या आत मोठे ब्रेक बसतात. माझा मित्र म्हणतो, फॉर्म्युला वननंही २०२२ पासून १३ इंची रिम सोडून १८ इंची घेतली. खरं आहे. पण आपल्या स्विफ्टचे ब्रेक आहेत तेवढेच राहतात, आणि फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर गटाराची झाकणं चार इंच खाली गेलेली नसतात. आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर ती असतात.

दिसण्यासाठी केलं, तर बिघडलं काय?

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आहेत त्या चाकांना काय धाड भरलीय?" या एका वाक्यात मराठी मध्यमवर्गाचं अख्खं नीतिशास्त्र आहे. वस्तू चालू आहे तोवर बदलायची नाही, आणि दाखवण्यासाठी तर नाहीच नाही. याच संशयाला थॉर्स्टाइन व्हेब्लेननं १८९९ मध्ये पुस्तकभर जागा दिली: श्रीमंत वर्ग खर्च करतो तो गरजेसाठी कमी आणि आपली ऐपत लोकांना दिसावी म्हणून जास्त. माझ्या १७ इंचांवर हे लेबल सहज चिकटतं.

पण मला ते पूर्ण पटत नाही. आमच्या दारात आई रोज रांगोळी काढते. ती घरातल्या माणसांना दिसते किती? आम्ही तिला ओलांडून ऑफिसला पळतो. बघतात ते जिन्यानं येणारे-जाणारे. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतात, अंगावर झूल घालतात. बैलाला स्वतःची शिंगं दिसत नाहीत. आणि 'काय धाड भरलीय' म्हणणारे बाबाच दसऱ्याला गाडी धुऊन, पुसून तिच्या तोंडाला झेंडूचा हार बांधतात. चालवताना तो हार त्यांनाही दिसत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी काहीतरी सुंदर करणं हा दोष मानला तर आपल्या जगण्यातला निम्मा आनंद त्यात जाईल. मला १७ इंची चाकं सुंदर वाटतात, आणि त्या आवडीची लाज वाटायचं काही कारण मला सापडलेलं नाही.

मग रांगोळी आणि चाक यांत फरक कुठे आहे? रांगोळीत कंबर मोडते ती काढणाऱ्याची, आणि बघण्याचं सुख मिळतं दुसऱ्यांना. चाकांच्या बाबतीत सुख मला आणि थोडंसं स्कूटरवाल्याला. कंबर कुणाची, हे बघायला मागच्या सीटकडे जावं लागतं.

मागच्या सीटवर

आमच्या गाडीत मागे डावीकडे आई बसते. तिला मणक्याचा जुना त्रास आहे. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला काय कळतंय चाकातलं? तुला आवडतंय ना, मग घाल."

यावर खूश होऊन ऑर्डर देता आली असती. परवानगी मिळालीच होती. पण हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. मी मेकॅनिकलला गेलो तेव्हा, मेकॅनिकल सोडून सॉफ्टवेअरला गेलो तेव्हा, ताई जर्मनीला गेली तेव्हा. प्रत्येक वेळी हेच: तुला आवडतंय ना, मग कर. या वाक्यात तिचं आमच्यावरचं प्रेम कळतं. तिला काय सोसेल ते कळत नाही. सॉफ्टवेअरमध्ये कुठलंही अॅप सुरू करताना लोक 'मला मान्य आहे' वर न वाचता टिक करतात आणि कंपनी म्हणते, संमती घेतली. घरात आपण तेच करतो, फक्त बटण नसतं.

मग मी एका मित्राच्या गाडीत, तसल्याच १७ इंची चाकांच्या, मुद्दाम मागे बसलो आणि त्याला सिंहगड रोडनं चालवायला लावलं. एक गोष्ट दहा मिनिटांत कळली. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो. त्याचा हात घट्ट होतो, पाय ब्रेकवर जातो, अंग तयार होतं. मागच्याला खड्डा दिसत नाही. तो फोन बघत असतो, खिडकीबाहेर बघत असतो, आणि छोट्या गाडीत मागचं सीट जवळपास मागच्या चाकांच्या वरच असतं. रस्ता एकच, खड्डा एकच, पण दोघांना मिळणारा हादरा एक नसतो. चाक निवडणारा बहुतेक वेळा पुढे बसलेला असतो.

आगरकरांनी 'सुधारक' काढला तो १८८८ मध्येच, डनलॉपच्या टायरच्या वर्षी. जॉन स्टुअर्ट मिलचा व्यक्तिस्वातंत्र्याचा विचार मराठीत रुजवणाऱ्यांत आगरकर आघाडीवर होते. मिलनं १८५९ मध्ये मांडलेलं सूत्र असं: ज्या गोष्टीचा संबंध फक्त माझ्यापुरता आहे, तिथे समाजानं मला अडवू नये, दुसऱ्याचं नुकसान होतं तिथे अडवावं. माणसानं काय घालावं, काय खावं यावर गाव पंचायत भरवत होतं, त्या काळात हा विचार मोठा मोकळा करणारा होता, आणि आजही आहे. माझ्या कानातलं किंवा माझ्या केसांचा रंग माझ्यापुरताच आहे. गाडी मात्र विकत एकजण घेतो आणि तिच्यात बसतात चारजण. कागद माझ्या नावाचे असतील, हप्ता माझ्या खात्यातून जात असेल, तरी मागची सीट 'माझ्यापुरती' होत नाही.

गाडीबाहेरचेही आहेत. चाक दिसायला रुबाबदार व्हावं म्हणून ते फेंडरच्या बाहेर काढलं, तर पावसाळ्यात चिखलाचा फवारा उडतो तो मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर. टायरवर मापाच्या पुढे आणखी एक आकडा असतो, वजन पेलण्याचा. ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो पेलेल. ८४ म्हणजे ५००. बुटकं टायर घेताना हा आकडा नकळत खाली जाऊ शकतो, आणि तो कमी आहे हे कळतं ते पाच माणसं आणि दिवाळीचं सामान घेऊन घाटात असताना. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून बदलतील असे फेरफार करू देत नाही, आणि केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. कायदा सोडा, पण त्यामागची भावना समजण्यासारखी आहे: रस्त्यावर आपली गाडी ही इतरांच्या भरवशाची वस्तू असते.

कंपनीही साधू नाही

इथे 'म्हणून कंपनीनं दिलंय तेच ठेवा' असं म्हणून थांबता येईल. पण कंपनीनं खालच्या व्हेरिएंटला १४ इंची डिस्क दिली ती आईच्या मणक्याचा विचार करून नाही. ती स्वस्त पडते म्हणून. शोरूममध्ये उभ्या असलेल्या मोठ्या एसयूव्हींना १८ इंची चाकं असतात तीही बऱ्याच अंशी दिसण्यासाठीच. मूळ माप म्हणजे नीती नव्हे. त्या मापाला इंजिनीअरांनी तपासलंय, त्यावर ब्रेक लावून बघितलेत, एवढा भरवसा ते देतं. तो मोठा भरवसा आहे, पण घरात कोण कुठे बसतं हे त्याला माहीत नसतं. ते आपल्यालाच बघावं लागतं.

म्हणून मी एक चाचणी केली. मित्राची गाडी एका रविवारी मागून घेतली आणि आईला मावशीकडे घेऊन गेलो. आपली गाडी घरी का ठेवली, हे सांगितलं नाही. चाकांचा विषयही काढला नाही. विचारून विचारल्यासारखं केलं असतं तर तिनं माझ्याकडे बघून उत्तर दिलं असतं. प्रामाणिक उत्तर मिळवायला प्रश्नच लपवावा लागला. परत येताना ती आपणहून म्हणाली, "गाडी छान दिसते हो त्याची. पण जरा कडक आहे. आपली बरी."

त्या वाक्याचे दोन्ही अर्धे भाग मला महत्त्वाचे वाटतात. छान दिसते, हे तिलाही दिसलं होतं. कडक आहे, हे तिला सोसलं होतं. निर्णय घ्यायला मला दोन्ही माहिती हवी होती, आणि पहिली माझ्याकडे आधीच होती.

मी १५ इंची अलॉय घातली, १८५/६५, वरच्या व्हेरिएंटचं माप, पाचवं स्टेपनीलाही तेच. भिंत १२ मिमीनं कमी झाली. आईनं अजून तक्रार केलेली नाही, पण ती तक्रार करत नाही हे मी वर सांगितलंच आहे, म्हणून मी अधूनमधून मागे बसून बघतो. १७ इंची चाकं सिग्नलला दिसली की मान अजूनही वळते. ती आवड गेली नाही, आणि जावी असंही वाटत नाही. उद्या एकटा राहिलो, गाडीत मीच एकटा असलो, तर १७ घालीनही. तेव्हा मागच्या सीटचा प्रश्न नसेल. काटा, वजनाचा आकडा आणि शेजारचा दुचाकीवाला यांचे प्रश्न मात्र असतीलच.

सध्या माझ्यासमोर दुसरी एक निवड आहे. कंपनी मला दोन वर्षांसाठी बाहेर पाठवते आहे. पगार, अनुभव, फोटो, सगळं छान दिसणारं आहे. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तुला आवडतंय ना, मग जा." या वेळी मित्राची गाडी मागून आणून भागणार नाही. तिला न विचारता, तिला काय सोसेल हे कसं शोधायचं, त्याचा विचार मी करतो आहे.